घरातलं गिऱ्हाईक

"वेटर, जरा इकडे या," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पोटच्या मुलाने निमूटपणे खांद्यावर नॅपकिन टाकला.

घर तेच होतं, टेबलही तेच. पण सासूबाईंच्या मते गेल्या महिन्यापासून इथे हॉटेल चालत होतं आणि त्या इथलं रोजचं गिऱ्हाईक होत्या. संध्याकाळ झाली की ठेवणीतली शाल पांघरून, पर्स काखोटीला मारून त्या आपल्या खोलीतून निघायच्या. चार पावलं चालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि इकडेतिकडे बघत म्हणायच्या, "आज गर्दी कमी दिसते."

"काय आणू, बाई?" मुलाने विचारलं.

"लझानिया. ते थराथरांचं असतं ना, ते. वरचं चीज पांढरंफटक नको आणि करपलेलंही नको. स्वयंपाकीणबाईंना सांगा, मला घाई नाही."

स्वयंपाकीणबाई म्हणजे त्यांची सून. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून ती नुकतीच घरी आली होती आणि दाराआडून सगळं ऐकत होती.

डॉक्टरांनी सासूबाईंना दोनदा तपासलं होतं. वार, तारीख, पाढे, सगळं त्यांनी धडाधड सांगितलं. वर डॉक्टरांच्याच एका बेरजेतली चूक काढली. मुलाने एकदा हात धरून म्हटलं होतं, "आई, अगं मी तुझा मुलगा!" त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "वेटरने गिऱ्हाइकाशी इतकी सलगी करू नये." मुलगा पोटापाण्यासाठी लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शेजारी बसलेल्या माणसाने काहीही केलं तरी आवाज चढवायचा नाही, ही त्याची सवयच होती. दुसऱ्या दिवसापासून तो पाण्याचा ग्लास बशीत ठेवून आणू लागला.

शेजारच्या काकांचं तर आणखीच. ते शिडी मागायला आले, तर सासूबाईंनी त्यांना "टेबल रिकामं नाही, बाहेर थांबा" म्हणून सांगितलं. ते थांबले. पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "आम्ही टेबल सांगून ठेवलं होतं." त्यांनाही सूप वाढावं लागलं.

हे सगळं सुनेने हसण्यावारी नेलं असतं. पण एका गोष्टीने तिचा जीव जळत होता. सासूबाई गणिताच्या बाई. अख्ख्या नोकरीत त्यांनी कुणाच्या वहीवर 'छान' असं लिहिलं नाही. उत्तर बरोबर आलं की बरोबरची खूण, विषय संपला. लग्न होऊन आल्यापासून सुनेच्या वाट्यालाही तेच आलं. चांगलं झालं की ताट मुकाट्याने रिकामं व्हायचं आणि बिघडलं की मात्र तोंड उघडायचं. आणि आता रोज नवरा टेबलावरून निरोप आणायचा. "गिऱ्हाईक म्हणतंय, सूप फर्मास झालंय." "गिऱ्हाईक विचारतंय, बटाटे इतके कुरकुरीत कसे केले?" तो खुशीत सांगायचा आणि इकडे हिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला जन्मात मिळालं नाही ते कौतुक कुणा भलत्याच स्वयंपाकीणबाईला मिळत होतं. जी बाई जगातच नव्हती, तिच्यावर ती जळायला लागली होती.

"आजचा दिवस शेवटचा," ती नवऱ्याला म्हणाली. "हे जेवण झालं की मी हॉटेल बंद करणार."

"गिऱ्हाइकाला वाईट वाटेल," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

राग हातात उतरला होता, म्हणून की काय, पदार्थ जमून येत गेला. लोण्यावर मैदा परतून तिने त्यात थोडं थोडं दूध ओतलं. एक गुठळी झाली नाही. टोमॅटोचा सॉस हवा तसा दाट झाला. उकडलेल्या पास्त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटायच्या आत तिने सोडवल्या. पट्टी, लाल सॉस, पांढरा सॉस, चीज, पुन्हा पट्टी. ओव्हनच्या काचेआड चीज फुगलं, बुडबुडलं, कडेने तांबूस झालं.

वेटरने ताट नेलं. सासूबाईंनी काटा घातला, चीजची तार लांबवर ताणली गेली. त्यांनी ती शांतपणे काट्याला गुंडाळली. पहिला घास, दुसरा घास. मग त्यांनी डोळे मिटले.

"बोलवा त्यांना," त्या म्हणाल्या. "असं मी आजवर खाल्लं नाही. मला समोर सांगायचंय."

सून ॲप्रन काढून टेबलाशी आली. नवरा भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"स्वयंपाकीणबाई..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"हॉटेल आजपासून बंद," सून म्हणाली. आवाज जरा चढलाच. "उद्यापासून इथे वेटर नाही, स्वयंपाकीण नाही. फक्त घर आहे."

सासूबाईंचा काटा ताटात थांबला.

"बंद? कायमचं?"

"कायमचं."

सासूबाईंनी खांद्यावरची शाल काढली, घडी करून मांडीवर ठेवली. मग मान वर न करता, अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"मग तुझ्या हातचं मला किती आवडतं, हे मी तुला कुठे जाऊन सांगायचं गं?"