सतराव्या किलोमीटरचा सांधा

सापारगाली आज मुद्दाम शेवटच्या डब्यात चढला. इतकी वर्षं तो पहिल्या डब्यातून जायचा, कारण शेवटच्या स्टेशनावर जिना पुढच्या टोकाला आहे आणि वस्तीची बस कुणासाठी थांबत नाही. आज त्याला बस नको होती. एमिलिया सेर्गेयेव्ना हवी होती.

ती दाराजवळच्या बाकावर बसली होती, मांडीवर रिकाम्या डब्यांची पिशवी. बाजारात ती कोरियन पद्धतीची तिखट गाजराची कोशिंबीर विकते. त्याला पाहून ती सरकली आणि जागा करून दिली, पूर्वीसारखीच. तो बसला, आणि काय बोलावं ते त्याला सुचेना. दवाखान्यात दिवसभर लोकांचे ओव्हरकोट खुंटीला लावणारा माणूस तो. बोलायची सवय त्याला एकाच ठिकाणी लागली होती, आणि ते ठिकाण त्यानं आपल्या हातानं बंद पाडलं होतं.

ते ठिकाण म्हणजे सतराव्या किलोमीटरचा फलाट. तिथे गाडीला एका रुळावरून शेजारच्या रुळावर नेणारा सांधा होता. शहरातून सुटलेली गाडी रखडली की नियंत्रकाला तो सांधा आठवायचा. गाडी तिथूनच माघारी वळवायची, म्हणजे वेळापत्रक सावरतं. शेवटच्या वस्तीची माणसं मग उणे पंचवीसमध्ये फलाटावर उभी. पुढची गाडी चाळीस मिनिटांनी. हिवाळ्यात हे आठवड्यातून तीनदा तरी व्हायचं.

बाकीचे तिकीटघराच्या भिंतीला चिकटून रेल्वे कंपनीच्या नावानं बोटं मोडत. ही दोघं वाऱ्याआडच्या बाकावर बसत. चार हिवाळ्यांपूर्वी पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, तुम्हीही शेवटच्या वस्तीच्याच ना? उत्तर म्हणून तिनं पिशवी उचलून बाकावर जागा केली होती. थोड्या वेळानं ती पाय मोकळे करून येते म्हणून पाण्याच्या टाकीकडे गेली. बाईमाणसाला कुठे चाललात म्हणून कोण विचारणार? परत आली ती थर्मास घेऊन. चहा इतका कढत की त्याचे ओठ पोळले. पुढे हे नेहमीचंच झालं. पिशवीत चूल घेऊन फिरता की काय, असं तो तिला चिडवायचा. ती नुसती हसायची.

बायको गेल्यापासून त्याच्या घरात फक्त टीव्ही बोलायचा. त्या चाळीस मिनिटांत मात्र तो पोटभर बोलून घ्यायचा. बायकोच्या आजारपणाबद्दल तो आयुष्यात एकदाच बोलला, तेही त्याच बाकावर. गाडी आली की तो पुढे पळायचा. ती त्याला अगा, म्हणजे दादा, म्हणायची. पळा अगा, म्हणायची, मी मागे बसते, मागे गर्दी नसते.

पण तिचे थंडीनं लाल झालेले हात त्याला बघवेनात. साठीची बाई दिवसभर बाजारात उभी राहते आणि वर हे. म्हणून त्यानं अर्ज लिहिला. सांधाच उखडून टाका, म्हणजे गाडी मध्येच वळवायची सोयच उरणार नाही. गाडीच्या चालकानं त्याला वेड्यात काढलं. उद्या पुढे कुठे बिघाड झाला तर हा अख्खा फाट्याचा मार्ग ठप्प होईल, म्हणाला. सापारगालीनं ऐकलं नाही. जिने चढउतार करून त्यानं दोनशे बारा सह्या गोळा केल्या. एमिलियाची तेवढी मिळाली नाही. तिचा चष्मा घरी राहिला होता. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही घरीच राहिला होता. चहा बरा विसरत नाही तुम्ही, तो म्हणाला होता.

सांध्यातला बर्फ खरवडायचा खर्च कंपनीला नकोच होता. ऑक्टोबरात क्रेन आली आणि एका दिवसात काम झालं. तेव्हापासून गाडी शेवटपर्यंत जाते, तीही वेळेवर. वस्तीनं सापारगालीची पाठ थोपटली. तो चाळीस मिनिटं आधी घरी पोहोचू लागला आणि चाळीस मिनिटं जास्त टीव्ही बघू लागला. दोनदा बस सोडून तो जिन्यापाशी तिची वाट बघत उभा राहिला. सगळे उतरून गेले तरी ती दिसली नाही. आजारी पडली असेल, या विचारानं त्याला रात्री झोप लागली नाही.

म्हणून आज शेवटचा डबा. सकाळी निघताना त्यानं चहाचे दोन पियाले घासूनपुसून टेबलावर मांडून ठेवले होते. घरी चहाला या, एवढंच म्हणायचं होतं. स्टेशनामागून स्टेशन गेलं. ते तीन शब्द काही तोंडातून फुटेनात.

सतरावा किलोमीटर आला, गाडी थांबली. एमिलिया उठली आणि पिशवी घेऊन दाराकडे निघाली.

"बसा हो," तो हसून म्हणाला. "सवय मोडत नाही वाटतं? आता इथे कुणी उतरवत नाही आपल्याला. सांधा गेला. गाडी शेवटपर्यंत जाते."

"गाडी जाते, अगा. मी इथेच राहते." ती फलाटावर उतरली आणि मागे वळली. "टाकीच्या मागे, निळं दार. एवढा कढत चहा कुठून यायचा, वाटलं तुम्हाला?"

सापारगाली धडपडत उठला, पण तोवर दार लागलं. गाडी अगदी वेळेवर सुटली.