डोळ्यांतला मुक्काम

विमानतळाच्या दारातच शरयूताईंनी डोळ्यांत थेंब घातले. परदेशी निघालेल्यांच्या घरचे हल्ली सगळेच घालतात. दृष्टिपटलातल्या पेशी एकमेकींकडे जे रसायन सोडतात, ते लगेच उचलून नेणारी वाहक प्रथिनं या थेंबांनी सुस्तावतात. मग थेंब भिनताना समोर जे असेल, ते संध्याकाळपर्यंत पुसलंच जात नाही.

“निनाद, हलू नकोस हं. माझ्याकडे बघ.”

पण आईला नमस्कार न करता निघेल तो निनाद कसला! नेमका त्याच क्षणी तो वाकला. “अरे, वर बघ, वर!” म्हणेपर्यंत थेंब भिनले होते.

रिक्षात बसल्या, घराचं कुलूप काढलं, तरी समोर त्याची वाकलेली पाठ आणि डोक्यावरचा भोवरा.

शेजारच्या विमलमावशींनी हौसेनं विचारलं, “काय हो, चेहरा छान आला का?”

“आला ना,” म्हणत शरयूताईंनी दार लोटून घेतलं.

जेवायला बसल्या, तर भोवरा ताटावर. मघाच्या गडबडीत आशीर्वाद द्यायचा राहूनच गेला होता.

“सुखी राहा रे,” म्हणत त्यांनी हात पुढे केला. बोटांना गार वरणभात लागला.