डालग्याखालचा पाटील

जीप दारात थांबायच्या आत शालूबाईनं पाटलावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं आणि वर फाटकी गोधडी टाकली.

पाटील म्हणजे कासव. बोलावलं की येत नाही आणि खायच्या वेळी बरोबर हजर, म्हणून नाव पाटील. तुंगार्लीच्या ज्या बंगल्यात ती भांडी घासायची तो विकला गेला, तेव्हा मालकीणबाईंनी ते तिच्या पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, "कुठंतरी सोडून दे." शालूबाईला ना नवरा, ना पोर. कुणाला सोडायची तिला सवयच नव्हती. ती ते आपल्या गावी, भाज्याला घेऊन आली. पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवलं तर तुरुंगात जावं लागतं, हे शेजारच्या महिपतीनं तिला सांगितलं तोवर दोन पावसाळे उलटून गेले होते.

बाहेर धुकं असं की महिपतीची म्हैस स्वतःच्याच शेपटीला शिंग मारत होती. त्या धुक्यातून खाकी कपडे आत आले.

"शालूबाई तुम्हीच?"

"व्हय."

"जंगलखात्याच्या चौकीवरून आलोय."

माणूस एकटाच होता. काखेत रेनकोटात गुंडाळलेली पिशवी होती, ती त्यानं खाली ठेवली नाही. आत येऊन त्यानं आधी दार लोटून घेतलं. दार लावून बोलायची गोष्ट कधी चांगली नसते.

साहेब कोपऱ्यातल्या बल्बकडं बघत राहिला. जमिनीपासून हातभर उंचीवर, भरदिवसा जळत होता.

"हा कशाला?"

"कोंबडीची पिल्लं हायेत."

"कुठंयत?"

"घारीनं नेली."

"घरातून?"

"लय भुकेली घार व्हती, साहेब."

तो हसला नाही. त्यानं वही काढली. "किती वॅटचा?"

जबाब सुरू झाला, हे शालूबाईनं ओळखलं. "साठ."

त्यानं लिहिलं. "रात्रीचा पण चालू?"

"व्हय."

"खाली गवत दिसतंय. ओल धरत नाही?"

"रोज बदलते की." जीभ घसरल्यावर तिच्या ध्यानात आलं. तेही त्यानं लिहिलं.

तेवढ्यात बारीक शिटी वाजली.

शालूबाई मोठ्यानं खोकली. नवल म्हणजे साहेबही खोकला.

ती शिटी तिच्या चांगल्या ओळखीची होती. देवळासमोरच्या हौदात कासव, चित्रातलं कासव पाण्यात, म्हणून तिनंही पाटलाला पाणी भरलेल्या घमेल्यात ठेवलं होतं. त्यात हा पावसाळा. आषाढ सरता सरता त्याच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. डोळे चिकटले, खाणं सुटलं. मान लांब काढून, तोंड उघडून ते श्वास ओढायचं आणि दर श्वासाला शिटी. मेथीच्या जुड्यांखाली लपवून, वडापच्या जीपमध्ये मांडीवर पाटी घेऊन ती कामशेतच्या जनावरांच्या डॉक्टरकडं गेली होती. तो म्हणाला, "हे जमिनीवरचं जनावर, मावशी. तुम्ही त्याला बुडवत होता." त्यानं सुई दिली, कोरडा ऊबदार कोपरा कसा करायचा ते सांगितलं. वर म्हणाला, "मी हे बघितलं नाही, तुम्ही मला बघितलं नाही." पुढच्या पाच सुया द्यायला तो पावसापाण्याचा स्वतः भाज्याला आला.

आठ दिवस झाले, शिटी बंद होती. आणि वाजायची तर आजच वाजली. साहेबाचं भय एकीकडं आणि पाटलाची काळजी दुसरीकडं, शालूबाई डालग्याला पाठ लावून बसली.

"सुई कुणी दिली?" साहेबानं विचारलं.

"कसली सुई?"

"महिपतीनं सगळं सांगितलंय मला."

महिपतीच्या म्हशी आटू देत, ती मनात म्हणाली. उघड म्हणाली, "मीच दिली."

"तुम्ही? कुठं टोचली?"

"फुडच्या पायाला." तेवढं तिनं बघितलं होतं.

त्यानं लिहिलं, पण वही मिटली नाही. पुन्हा शिटी वाजली. पुन्हा दोघंही खोकले. त्याचा हात पिशवीवर घट्ट झाला.

"डॉक्टरचं नाव सांगा, मावशी."

"न्हाई."

"नाव घेतल्याशिवाय मला जाता यायचं नाही."

"मग मला घेऊन जावा."

"तुम्हाला नेऊन काय करू?"

"ते तुमी ठरवा. आडव्या पावसात मान्सं आपल्या आयशीला बघाया येत न्हाईत, तो माझ्या कासवासाठी आला. त्याचं नाव माझ्या तोंडून निघायचं न्हाई."

बोलता बोलता ती उठली. आता लपवून तरी काय करायचं? तिनं गोधडी काढली, डालगं उचललं आणि बाजूला ठेवलं.

पाटील बसला होता. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, तोंडात मेथीचं पान. तोंड मिटलेलं.

शिटी मात्र वाजतच होती.

शालूबाईनं पाटलाकडं बघितलं. मग हळूच मान वर करून साहेबाकडं बघितलं. या खेपेला तो खोकला नाही. त्यानं टोपी काढली, बल्बखाली उकिडवा बसला आणि रेनकोटाची घडी उलगडली. पिशवीत ओल्या गोणपाटावर एक कासव होतं. पाठीवर चांदण्या, मान ताणलेली, नाकावर बुडबुडा.

"चोरांकडनं धरलेली अशी अकरा चौकीत हायेत," तो म्हणाला. आवाज एकाएकी गावाकडचा झाला होता. "सोमवारी कोर्टात जित्ती दाखवायचीत. आमीबी पाण्यातच ठेवली व्हती, मावशी."