फटकळ पुस्तक

प्रवासाचं पुस्तक निवडायची तिची रीत ठरलेली होती. परक्या शहराचं पुस्तक घ्यायचं, तर आधी त्याच मालिकेतलं आपल्या शहराचं उघडायचं. आपल्या गल्लीबद्दल जो थापा मारतो, तो परमुलखाबद्दल काय खरं सांगणार?

हे पुस्तक मात्र चांगलंच फटकळ निघालं. ‘संग्रहालय कंटाळवाणं. कोपऱ्यावरचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी.’ ती खुदकन हसली. दुकानात शेजारीच उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, “अहो, पठ्ठ्यानं अजिबात भीडभाड ठेवलेली नाही!”

पुढचं तिनं मोठ्यानं वाचलं. ‘शिंप्याच्या दुकानावरची खिडकी संध्याकाळी जरूर पाहा. एक बाई हात हलवते. उलट हात मात्र हलवू नका.’

“अगं, ही तर आपलीच खिडकी!” नवरा खूश झाला. “तू चक्क छापून आलीस! मी कामावरून येताना तू रोज हात हलवतेस ना? मीही हलवतो.”

तिचं हसू ओठांवरच राहिलं. घरात ती दोघंच. तो यायच्या वेळी ती रोज मागच्या स्वयंपाकघरात चहा टाकत असायची. त्या खिडकीत ती कधी उभीच राहिली नव्हती.

तो लाडानं म्हणाला, “हल्ली तर दोन्ही हातांनी बोलावतेस.”