पाठमोरी राघू-मैना

लेकीच्या लग्नाच्या पत्रिका बघून सुमित्राने कपाळावर हात मारला. रबराच्या दोन शिक्क्यांवर तिने राघू-मैना कोरली होती, पत्रिकेच्या दोन कडांवरून एकमेकांकडे बघणारी. ती बाजारात गेली तेवढ्यात नवऱ्याने दीडशेच्या दीडशे पत्रिका छापून टाकल्या, आणि जोडी पाठ फिरवून बसली.

“शिक्का बघून बाजू ठरवली गं. कागदावर उलटं उमटतं, हे ध्यानातच आलं नाही.”

नेमक्या तेव्हाच विहीणबाई आल्या. विहीणबाईंनी पत्रिका बराच वेळ न्याहाळली, मग गोल वळवून कडेला कड लावली. चोचीला चोच भिडली.

“अशाच वाटा,” त्या हसून म्हणाल्या. “आमचंही चाळीस वर्षं हेच चाललंय. रुसून दोघं दोन दिशांना जातो आणि स्वयंपाकघरात पुन्हा समोरासमोर येतो.”