धुक्यातून आलेली हाक

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट सांगतो, पटली नाही तरी मनात असू द्या.

एका बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर, नवरा-बायकोच ते. साठवलेली रजा घेऊन, स्वस्तातली शिडाची होडी भाड्यानं घेऊन बेटं बघायला निघाले.

"बस चालवणाऱ्याला होडी काय अवघड?" तो म्हणाला.

"बसला ब्रेक असतो," ती म्हणाली.

तिसऱ्या दुपारी सर ओसरली आणि दाट धुकं उतरलं. जवळच लाटा खडकावर फुटत होत्या, पण खडक काही दिसेना.

"अगं, काही दिसतंय का?" त्यानं घाबरून विचारलं.

तिची वाचाच बसली होती. मनात तेवढं नामस्मरण चाललं होतं.

तोच पुढून तिचाच आवाज आला, बस मागे घेताना असतो तसा खणखणीत. "डावीकडे घ्या. येऊ द्या, येऊ द्या."

वीस वर्षांच्या सवयीनं त्यानं सुकाणू वळवलं. काळा खडक हातभर अंतरावरून मागे गेला. धुकं संपलं. समोर उन्हात बेट.

"वाचवलंस गं," घाम पुसत तो म्हणाला.

मी बोललेच नाही, असं ती सांगणार, तोच मागच्या धुक्यातून त्याचाच आवाज आला.

"अगं, काही दिसतंय का?"

तो तर तिच्यासमोर गप्प बसला होता.

तिनं देवाचं नाव घेतलं, धुक्याकडे तोंड केलं आणि छाती भरून हाक दिली, "डावीकडे घ्या. येऊ द्या, येऊ द्या."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा धुक्यातल्या त्या दोघांचीही आठवण ठेवा.