उशाशी बसायचा खेळ

स्वतःच लिहिलेल्या सिरियलला थोरला स्वतःच रडत होता. सासूसासऱ्यांच्या देखत, भलामोठा रुमाल काढून, नाक शिंकरत. आईला ते बघवेना. रडायची वेळ होती तेव्हा हा गडी कोरडा ठणठणीत होता.

टीव्हीवर पहिला भाग संपत आला होता. सुरुवातीलाच 'आमच्या घरची खरी गोष्ट' अशी पाटी येऊन गेली होती. बाप अंथरुणाला खिळलेला, मुलगा उशाशी, बापाचा हात हातात. बाप मरता मरता केवढं बोलला! माफी दिली, आशीर्वाद दिला, मधेच व्हायोलिनसुद्धा वाजू दिलं. आणि मुलगी? ती दार उघडं टाकून कधीच बाहेर पडली होती.

विहीणबाईंनी डोळे टिपले आणि चहाचे कप गोळा करणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीकडे मान वळवली.

"बापाला असं टाकून जाववलं तरी कसं गं तुला?"

धाकटीने उरलेले कपही उचलले. गोष्ट मुळात तिची. व्हिडिओ गेम बनवणं हा तिचा धंदा. एका गेममध्ये तिने एक खोली केली, खोलीत एक खाट, खाटेवर एक म्हातारा, आणि खेळणाऱ्याला बसवलं त्याच्या उशाशी. दादाने सिरियलसाठी मागितली, तर हिने हौसेने देऊन टाकली. बाप गेला त्या दुपारी ती कामावर होती. उशाशी बसायचं काम दादाकडे होतं, आणि दादा पाय मोकळे करायला खाली उतरला होता. औषध घेऊन परतलेल्या आईला दार सताड उघडं दिसलं. हे त्या तिघांनाच माहीत. आता घराघरात उलटंच माहीत होणार होतं, आणि त्याची सुरुवात विहीणबाईंनी करून दिली होती.

"सिरियलला नाट्य लागतं, आई," आईची नजर चुकवत थोरला म्हणाला. "मुलगी निघून गेली की बघणारा हळहळतो. गेममध्ये काय आहे? नुसतं बसून राहायचं. गोष्ट अशी नाहीच त्यात."

"तू खेळलास तो?" आईने विचारलं.

"खेळायचं कशाला? कुणीतरी खेळला त्याचा व्हिडिओ बघितला. अख्खा. दुप्पट वेगाने."

"लाव गं तुझा खेळ," आई धाकटीला म्हणाली. "आणि ते बटणांचं दे ह्याच्या हातात."

"आई, नको. पाहुणे आहेत."

"म्हणूनच. कप ठेव खाली."

टीव्हीवर खोली आली. खाट, म्हातारा, वाटीत पाणी, पाण्यात कापसाचा बोळा. कोपऱ्यात दार, अर्धवट उघडं. थोरल्याने कंट्रोलर असा धरला, जसं परक्याचं मूल.

"आता काय करायचं?"

"बसायचं," धाकटी म्हणाली.

"बरं. मग?"

"बसायचं, दादा."

म्हातारा म्हणाला, "पाणी." दुसरं काही नाही. सिरियलमधल्या बापाचं तोंड मिटत नव्हतं. ह्या घरातल्या बापाने शेवटी शेवटी ह्या एका शब्दापलीकडे काही उच्चारलं नव्हतं. थोरल्याने चुकीची बटणं दाबली, मग बरोबर. ओठ ओले झाले. म्हाताऱ्याने डोळे मिटले. पुन्हा सगळं शांत.

थोरल्याचा पाय हलायला लागला. त्याने फोन बघितला, उलटा ठेवला, परत सुलटा केला.

"अहो, ओठ वाळले की हो त्यांचे," विहीणबाई सरसावून बसल्या. "लावा ना जरा कापूस."

"आत्ताच लावला ना!"

"त्याला झाली की वेळ. लावा."

त्याने लावला. म्हातारा श्वास घेत होता, इतक्या हळू की चित्र थांबलंय असं वाटावं. थोरल्याने एक मोठा सुस्कारा सोडला, बटण दाबलं, आणि खेळातला उशाशी बसलेला माणूस उठून उभा राहिला. दाराकडे चालू लागला. खेळात कुणी त्याला हटकलं नाही. जाऊ नको असं लिहिलेलंही कुठे आलं नाही.

बाहेर रस्ता होता, दुकानं होती, ऊन होतं. थोरल्याचे खांदे सैल पडले.

"हां! आता कुठे जान आली."

"जावईबापू," विहीणबाईंचा आवाज बारीक झाला, "ते एकटेच आहेत हो आत."

"जातोय हो, जातोय. एवढं कोपऱ्यापर्यंत बघू तरी."

कोपऱ्यापर्यंत बघून, त्याच्या पुढचाही कोपरा बघून तो परतला. खाट रिकामी. चादर सारखी केलेली. वाटीतलं पाणी तसंच. त्याने हे बटण दाबलं, ते दाबलं. काही होईना. व्हायोलिन तर नाहीच.

विहीणबाईंनी टीव्हीकडे बघितलं. मग जावयाकडे. मग धाकटीकडे बघायला लागल्या आणि मधेच नजर पदराकडे वळवली. "म्हणजे तेव्हा..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. व्याह्यांनी घसा खाकरला आणि उगीचच चपला कुठे काढल्या ते बघितलं.

"आई, खेळ आहे तो," थोरला हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून खेळता येतो. येतो ना गं?"

"नाही, दादा. हा एकदाच."

आईने त्याच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला आणि धाकटीच्या मांडीवर ठेवला. आवाज मात्र चढवला नाही.

"ऐक. तुझ्या सासूसासऱ्यांसमोर सांगते, म्हणजे उद्या तुला ते फिरवता येणार नाही. मी अंथरूण धरलं की ही बसेल माझ्या उशाशी. तुला कुणी निरोप धाडायचा नाही. सगळं आटोपलं की सावकाश ये, आणि मग बस लिहीत, मी तुला काय काय आशीर्वाद दिले ते."